पेंढ्याखालची तार

रत्नागिरीजवळ, आरे-वारेच्या बाजूच्या एका जुन्या कौलारू घराच्या माळ्यावरून, भाताच्या पेंढ्याखालून निघालेला तारेचा बोटभर तुकडा आहे. वरून काळपट, चिकट, धुळीनं माखलेला. सुरीच्या टोकानं तो अलगद सोला. आधी सुटतं विणलेल्या सुताचं वेष्टन, कधीकाळी मेण-डांबराच्या मिश्रणात बुचकळून काढलेलं. त्याच्या आत रबर. रबराच्या आत पीळ घातलेल्या तीन बारीक तारा. आणि इथे पहिला धक्का बसतो. तारा तांब्याच्या, पण रंग पांढरा, चकचकीत!

ती चक्क कल्हई आहे. पातेल्याला करतात तीच, कथलाची. तारेला कल्हई कशाला? तारेत कोणी ताक थोडंच ठेवणार आहे?

उत्तर रबरात आहे. झाडाच्या चिकाचं नुसतं रबर उन्हाळ्यात चिकट होतं आणि थंडीत कडक. १८३९ साली चार्ल्स गुडइअर या अमेरिकन माणसाला उमगलं, की त्यात गंधक मिसळून तापवलं तर ते बारा महिने लवचिक राहतं. गंधकाचे अणू रबराच्या लांबलचक रेणूंना एकमेकांशी जोडून टाकतात. झकास! पण त्याच गंधकाला तांबं दिसलं की राहवत नाही. दोघांचं काळं सल्फाइड बनतं, तार कुरतडली जाते आणि तांबंही उलट रबराला लवकर म्हातारं करतं. म्हणून या दोन भांडखोरांच्या मधे कथलाचा, केसाहूनही पातळ थर. कारखान्यात कोणीतरी मैलोन्‌मैल तारेला कल्हई करत होतं, आणि ती कल्हई कोणाच्याही नजरेला पडायची नव्हती.

गंमत म्हणजे त्याच १८३९ साली कोलकात्यात विल्यम ओ'शॉनेसी नावाचा डॉक्टर हुगळीच्या पाण्याखालून तार टाकून संदेश पाठवायच्या खटपटीत होता. रबराचं हे गुपित त्याच्यापर्यंत पोचायचं होतं. त्यानं तारेला डांबर फासलं, वेताच्या चिरफळ्या बांधल्या आणि वरून डांबरात भिजवलेलं सूत गुंडाळलं. आपल्या तुकड्यावरचं ते मेणचट सूत त्याच घराण्यातलं.

माळ्यावर ही तार बसलेली असते सागवानी केसिंगमध्ये. लाकडाच्या पट्टीत दोन खाचा, एकीत फेज, दुसरीत न्यूट्रल, वर स्क्रूनं बसवलेली झाकणपट्टी. सागाच्या लाकडातही निसर्गतःच थोडं रबर आणि तेल असतं; सागाला हात फिरवल्यावर लागणारा तो गुळगुळीतपणा त्याचाच. म्हणजे एका झाडाच्या चिकात गुंडाळलेली तार रबर बाळगणाऱ्या दुसऱ्या झाडाच्या कुशीत. विजेचा आणि जंगलाचा इतका जवळचा संबंध शाळेत कोणी सांगितला नव्हता.

महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झालं १९६० साली. दोन वर्षांनी, १९६२ मध्ये, याच रत्नागिरी जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यातल्या पोफळीला, सह्याद्रीच्या पोटात खोदलेलं कोयनेचं वीजगृह सुरू झालं. खांब हळूहळू वाड्यावस्त्यांपर्यंत येत गेले. ओटीवर एक बल्ब, माजघरात एक, देवघरात एक, आणि ऐपत असली तर एखादा पंखा. त्या वेळी घातलेली तार पुष्कळ घरांच्या माळ्यावर अजून आहे. कित्येक ठिकाणी नुसती आहे असं नाही, चालू आहे.

चालू कशी? रबर तर केव्हाच संपलेलं असतं. हवेतला ऑक्सिजन आणि गंधकाचे ते सांधे आपलं काम कधी थांबवतच नाहीत. वर्षागणिक सांधे वाढतात, रबर कडक होतं, मग ठिसूळ, मग भुगा. उष्णतेनं हे सगळं भराभर होतं. ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या इंजिनिअरांनी १९३०च्या सुमारास एक ठोकताळा बांधला, तो आजही वापरात आहे: तापमान साधारण दहा अंशांनी वाढलं की वेष्टनाचं आयुष्य निम्मं. आता माजघर आणि आढ्याखालची जागा यांच्यात मे महिन्यातल्या दुपारी वीस अंशांचा फरक धरा. हा फरक कायम राहिला तर निम्म्याचं निम्मं. माजघरात चाळीस वर्षं टिकणारं रबर माळ्यावर दहातच म्हातारं.

तरीही तार काम करते, कारण भुगा झालेलं रबर सुताच्या वेष्टनात जागच्या जागी उभं असतं. आणि ते पडलं तरी मधे हवा असते. एक मिलिमीटर कोरडी हवा फोडून ठिणगी पडायला सुमारे तीन हजार व्होल्ट लागतात; घरात असतात २३०. म्हणजे साठ वर्षांची तार निव्वळ आसपासच्या हवेच्या भरवशावर सुखात नांदत असते, जोवर तिला कोणी हलवत नाही तोवर. जुने वायरमन हे बरोबर ओळखून असतात. माळा आवरायला चढलेल्या बाईला खालून हाक येते, "काकू, तिला हात लावू नका. निजलेली आहे ती." तार वाकवली की भुगा गळतो आणि उघडं तांबं पेंढ्याला भिडतं.

उंदरांना ही सूचना कोणी देत नाही. त्यांचे पुढचे दात आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर वाढत राहतात, त्यामुळे काही ना काही कुरतडणं त्यांना भागच असतं. उंदराचे दात नारिंगी का दिसतात माहीत आहे? त्यांच्या एनॅमलमध्ये लोह असतं. ते दात तांब्यापेक्षा कठीण असतात. बिचाऱ्या रबराची काय कथा!

आता पेंढ्याकडे वळू. मला वाटतं, या विषयातलं सगळ्यात मोठं आश्चर्य इथे दडलं आहे.

तांब्यातून वीज जाते ती त्यातल्या मोकाट इलेक्ट्रॉनांमुळे. हे इलेक्ट्रॉन पोफळीहून धावत आपल्या घरी येतात अशी आपली समजूत. तसं काही नाही. पाच अँपिअरचा प्रवाह सुरू असतानाही त्यांचा जमाव जागच्या जागी मागेपुढे झुलतो, सेकंदाला ५० वेळा, आणि झुलण्याचं अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-तीन पट. एवढ्याशा झुलण्यावर पंखा फिरतो! या झुलण्यात ते तांब्याच्या अणूंना धडकत राहतात आणि तार तापते.

पण हेच इलेक्ट्रॉन उष्णताही वाहून नेतात. गुस्ताव वीडमान आणि रुडॉल्फ फ्रान्झ या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी १८५३ मध्ये दाखवून दिलं, की जो धातू विजेचा जितका चांगला वाहक, तो उष्णतेचाही तितकाच चांगला. हमाल एकच, दोन्ही ओझी त्याच्याच डोक्यावर. आता हे उलटं करून पाहा. ज्या वस्तूत मोकाट इलेक्ट्रॉन नाहीत ती वस्तू वीज अडवते, आणि बहुधा उष्णताही अडवते. (हिरा हा नामांकित अपवाद. पण हिऱ्याचं वेष्टन असलेली तार आपल्याकडे कोणाच्या माळ्यावर असेल असं वाटत नाही.) म्हणजे विजेनं बाहेर पडू नये म्हणून तारेला आपण जे जे गुंडाळतो, ते ते तिची उष्णताही आत कोंडतं. विजेला बंदिस्त ठेवायचं आणि उष्णतेला मोकळं सोडायचं, हे दोन्ही एका वेळी साधायचं कसं?

जुन्या लोकांनी ते वाऱ्यावर सोपवलं होतं. कौलं म्हणजे फटींचं छप्पर. गरम हवा आढ्याकडून निसटते, वळचणीखालून थंड हवा आत येते, आणि समुद्रावरून येणारी दुपारची हवा यात भर घालते. उघड्यावरच्या केसिंगमधली तार सुखात राहायची. तिला किती अँपिअर झेपतील याची जुनी कोष्टकं उष्णतेला बाहेर पडायला वाट आहे असं धरूनच केलेली असत.

त्या तारेवर आपण पेंढा घातला. नारळाची सोडणं टाकली, जुन्या गाद्या टाकल्या, आंब्याच्या रिकाम्या पेट्या टाकल्या. हे काही उष्णतारोधक म्हणून नव्हे, जागा मिळाली म्हणून. पेंढा उष्णता किती धरतो हे रत्नागिरीकराला सांगायला नको. आंब्याची आढी लावलेली असते तिच्यात कोपरापर्यंत हात घालून पाहा. आत चांगलं उबदार लागतं. ती ऊब बाहेरून आलेली नसते. झाडावरून उतरलेला आंबा श्वास घेत असतो, साखर जाळत असतो, आणि पिकायला लागला की हा श्वास एकदम जोर धरतो. पेंढ्याच्या काड्या आतून पोकळ. काड्यांत आणि काड्यांच्या मधे अडकलेली हवा हलत नाही, आणि न हलणारी हवा उष्णतेला पुढे जाऊ देत नाही. हापूस पिकवायला हे उत्तमच. आढी तारेवर लावलेली असली तर मात्र त्या पांघरुणाखाली दोन शेगड्या असतात, एक आंब्यांची आणि एक तारेची.

तारेची शेगडी मोठी केवढी? हिशेब करायला सोपा आहे. वायरमन ज्या तारेला 'थ्री-ट्वेंटीटू' म्हणतात, म्हणजे २२ गेजच्या तीन तारांचा पीळ, तिचं तांबं भरतं सुमारे १.२ चौरस मिलिमीटर. त्या काळचे दोन बल्ब आणि पंखा मिळून वीज घेत ०.८ अँपिअर. तेवढ्यानं तारेत दर मीटरला एका वॅटचा जेमतेम शंभरावा भाग उष्णता तयार होई. नगण्य!

आता गणपतीपुळ्याचा किनारी रस्ता वाहता झाला. आरे-वारेच्या घाटीवरून समुद्राचे फोटो काढणारी गर्दी रात्री कुठेतरी उतरणारच. घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना दिल्या, एसी बसला, गीझर बसला, आणि कुठल्यातरी सुट्टीत दोन्ही त्याच जुन्या तारेवर एकदम चालले. प्रवाह १५ अँपिअर. म्हणजे आधीच्या एकोणीस पट. मग उष्णताही एकोणीस पट? इथेच निसर्ग आपल्याला गाठतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हे जेम्स जूलनं १८४०च्या सुमारास मोजून दाखवलं. एकोणीस गुणिले एकोणीस. साडेतीनशे पट! दर मीटरला तीन वॅटहून जास्त, तेही फेजमध्ये वेगळे आणि न्यूट्रलमध्ये वेगळे. वर पेंढा. आजच्या नियमांत तर सांगितलेलंच असतं, की उष्णतारोधकात पूर्ण गाडलेल्या तारेची क्षमता निम्मी धरायची. पेंढ्याला कोणता नियम वेगळा असणार?

पेंढा परवडला, असं म्हणायची पाळी थर्माकोलनं आणली आहे. कौलं उतरवून पत्रे घालायचे, पत्र्यानं घर तापतं म्हणून खाली थर्माकोलचं छत करायचं, ही आता गावोगावची रीत. आणि गणपतीचं मखर! महाराष्ट्रात २०१८ पासून अशा सजावटीवर बंदी आली, पण त्याआधीची मखरं माळ्यावर जपून ठेवलेली आहेतच. या थर्माकोलला जुन्या रबरी तारेशी काही देणंघेणं नाही. त्याचं वाकडं आहे ते नंतर घातलेल्या पीव्हीसी वायरीशी.

पीव्हीसी मुळात कडक प्लॅस्टिक, पाइपांचं असतं तसं. १९२६ साली वॉल्डो सीमन या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानं त्यात तेलकट द्रव मुरवला आणि ते मऊ झालं. आपल्या घरातल्या वायरीच्या वेष्टनात साधारण पाव हिस्सा असं तेल असतं. ते प्लॅस्टिकला घट्ट बांधलेलं नसतं, नुसतं मुरलेलं असतं. वायरीला थर्माकोल चिकटून राहिला तर वर्षानुवर्षं ते तेल हळूहळू वायरीतून निघून थर्माकोलमध्ये शिरतं. थर्माकोल विरघळतो, त्यात वायरीच्या आकाराची घळ पडते. वायर कोरडी पडते, कडक होते, वाकवली की तडकते. ना उंदीर, ना ऊन, ना पाऊस. दोन निर्जीव वस्तू नुसत्या शेजारी पडून होत्या! माळ्यावर जुना थर्माकोल असेल तर उचलून पाहा; खाली वायर असली तर ती घळ बहुतेक दिसेलच.

पीव्हीसीची आणखी एक गंमत सांगतो, कारण ती रत्नागिरीची आहे. रत्नागिरीच्या दक्षिणेला रनपारजवळ फिनोलेक्सचा पीव्हीसीचा मोठा कारखाना १९९०च्या दशकापासून उभा आहे. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त, सुमारे ५७ टक्के, भरतो तो क्लोरीन. आणि क्लोरीन मिळतो मिठापासून. वायरीच्या वेष्टनातलं पीव्हीसी हे निम्म्याहून अधिक मिठाच्या पोटातून आलेलं आहे! तेच मीठ बाहेरून आलं तर मात्र वायरीच्या मुळावर उठतं.

ते येतंही. लाट फुटते, फेस होतो, फेसातला एकेक बुडबुडा फुटताना खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म तुषार हवेत उडवतो. सुरूच्या बनातून गाळून उरलेले तुषार कौलांच्या फटींतून माळ्यावर पोचतात आणि सागवानी पट्टीवर अदृश्य थर बसतो. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि हा पदार्थ विलक्षण तहानलेला. हवेतली आर्द्रता ३३ टक्क्यांच्या वर गेली की तो हवेतून पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळतो. उन्हाळ्यातला तापलेला माळा सोडला, तर कोकणात आर्द्रता ३३ टक्क्यांच्या खाली जाते तरी केव्हा? म्हणजे माळ्यावर पाण्याचा थेंब न पडताही लाकडावर खाऱ्या पाण्याचा पापुद्रा तयार असतो. खारं पाणी वीज वाहतं.

सगळ्यात वाईट परिणाम दिसतो जोडांवर. साठ-सत्तरच्या दशकांत तांबं बाहेरून आणावं लागे, म्हणून देशात घरोघरी ॲल्युमिनियमच्या तारा घातल्या गेल्या. नंतर खोली वाढवताना कोणीतरी जुन्या तांब्याला ॲल्युमिनियम पिळलं, वर काळी टेप मारली. दोन वेगळे धातू आणि मधे खारट ओल. हा तर बॅटरीचा घट झाला! वीज मंडळाला पत्ता नसलेलं एक चिमुकलं वीजकेंद्र माळ्यावर सुरू राहतं आणि त्यात ॲल्युमिनियम गळत जातं. शिवाय तापल्यावर ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा जास्त फुगतं. रोज फुगून-आकसून पीळ ढिला पडतो.

निव्वळ तांब्याचा ढिला जोडही कमी नाही. त्यात एक ओहमचा अडथळा आला आणि पाच अँपिअर चालू असले तर तिथे, मिरीएवढ्या जागेत, २५ वॅट उष्णता. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातलं सोल्डरिंग आयर्न साधारण एवढ्याच वॅटचं असतं. तांब्यावर तांबूस क्युप्रस ऑक्साइड जमतं, आणि त्याची खोड अशी, की ते जितकं तापेल तितका त्याचा अडथळा कमी. धातूंचं बरोबर याच्या उलट असतं. हे ऑक्साइड अर्धवाहक आहे. १९२०च्या दशकात त्याचे रेक्टिफायर बनत. त्यामुळे प्रवाह ऑक्साइडच्या तापलेल्या वाटेनेच जातो, ती वाट आणखी तापते, नवं तांबं ऑक्साइडमध्ये बदलतं. असा जोड हजार अंश सेल्सिअसच्या पुढे लालभडक धगधगू शकतो. पेंढ्याला पेटायला अडीचशे-तीनशे पुरतात.

आणि फ्यूज? फ्यूज ढिम्म. तो प्रवाह मोजतो, आणि प्रवाह तर पाचच अँपिअर आहे, नेहमीचाच. एमसीबीचंही तेच. घरातला दिवा मात्र मधूनच लुकलुकतो. माझ्या मते जुन्या घरात लुकलुकणारा दिवा ही फ्यूज उडण्यापेक्षा जास्त गंभीर गोष्ट आहे. फ्यूज उडाला तर निदान वीज गेलेली असते.

मग करायचं काय? आधी काय नाही ते. जुनी तार ओढून काढायची नाही, तिच्यावर नवीन टेप गुंडाळायची नाही, मेन स्विच बंद केल्याशिवाय पेंढा हलवायचा नाही. मेन बंद करून, टेस्टरनं खात्री करून, पेंढा-सोडणं-गाद्या दूर करायच्या, आणि तार कुठून कुठे जाते ते कागदावर काढायचं. जुन्या घरात एखादी फांदी गोठ्याकडे गेलेली असते, तिचा घरच्यांनाही विसर पडलेला असतो.

मग परवानाधारक वायरमनकडून मेगर लावून घ्यायचा. सिडनी एव्हरशेड या इंग्रज इंजिनिअरनं १८८९ मध्ये आणलेलं हे यंत्र, आणि मला त्याचं अजून अप्रूप वाटतं. जुन्या मेगरला दांडा असतो. तो फिरवला की आतला छोटा डायनामो ५०० व्होल्ट तयार करतो आणि फेज-अर्थमधून चोरून किती प्रवाह झिरपतो ते काट्यावर दिसतं. एक मेगओहम, म्हणजे दहा लाख ओहम, ही जुनी किमान मर्यादा. वीज कुठे झिरपते आहे की नाही हे तार न हलवता कळतं! निजलेल्या तारेची नाडी न उठवता पाहता येते.

बहुतेक वेळा उत्तर एकच येतं: नवीन लाइन. एसी आणि गीझरला प्रत्येकी स्वतंत्र, जाड तांब्याची, पीव्हीसी पाइपातून, आणि छताच्या थर्माकोलला न चिकटता खालच्या बाजूनं. सुरुवातीला आरसीसीबी. त्याच्या पोटात एक कडं असतं, त्यातून फेज आणि न्यूट्रल दोन्ही जातात. गेलेला प्रवाह तितकाच परत आला तर कड्यातली चुंबकीय बेरीज शून्य. त्यात ३० मिलिअँपिअरची तूट आली, म्हणजे तेवढी वीज खारट लाकडातून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत गेली, की सेकंदाच्या काही शतांश भागात सगळं बंद. जुनी तार दोन्ही टोकांना तोडून सागवानी केसिंगमध्ये तशीच राहू दिली तरी चालतं. तिच्यात वीज नसली की ती नुसती कल्हई केलेली तांब्याची तार.

जुनी तार काही काळ चालूच ठेवणं भाग असेल तर एक विचारायचं राहतं: मेगर लावायचा कधी? वैशाखात माळा कोरडा खडखडीत असतो आणि काटा मजेत वर चढतो. आषाढात तोच मिठाचा थर पाणी पिऊन बसलेला असतो, आणि तीच तार एक मेगओहमच्याही खाली येऊ शकते. वायरमन सवडीनं, उन्हाळ्यात येतो म्हणाला तर त्याला चहा द्यावा आणि आषाढातली तारीख ठरवून घ्यावी.